बारा जर्सींचा राइट बॅक

मोझांबिकच्या उत्तरेकडचं नांपुला हे शहर आम्हा गोंयकारांना तसं परकं नाही. त्या प्रांताच्या किनाऱ्याला लागून 'इल्या द मोसांबिक' नावाचं एक चिंचोळं बेट आहे. लिस्बनहून निघालेली गलबतं तिथे थांबायची, वाऱ्याचा मोसम फिरेपर्यंत मुक्काम करायची आणि मग मांडवीच्या मुखाशी यायची. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे त्या सांव फ्रांसिस्क शावियेरांनी १५४१-४२चा मुक्काम त्याच बेटावर केला होता. १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा सगळा कारभारच गोव्याच्या हाताखाली होता.

त्या नांपुलात ३० नोव्हेंबर १९७२ रोजी आबेल शावियेर जन्मला. पुढे तो राइट बॅक झाला आणि आठ देशांत बारा क्लबांकडून खेळला. पोर्तुगाल, इटली, स्पेन, हॉलंड, इंग्लंड, तुर्कस्तान, जर्मनी, अमेरिका. मीही राइट बॅक. फोंडा तालुक्यातल्या गावच्या संघात, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात, मे महिन्यातल्या वाड्यावाड्यांच्या स्पर्धांत खेळलो; पोटापाण्यासाठी वास्कोच्या बंदरात कारकुनी केली. आमच्यासारख्यांचं नाव सामन्याच्या बातमीत सहसा येत नाही. आलं, तर गोल आमच्या बाजूने झाला म्हणून. त्यामुळे बॅकच्या जागेवरचा माणूस जगभर फिरून आला, की मी त्याचा हिशेब जरा बारकाईने मांडतो.

आमच्या कट्ट्यावर या माणसाला 'भाडोत्री' म्हणतात. दर दीड-दोन वर्षांनी जर्सी बदलणारा, कुणाचाच नसलेला. आणि मग कुणीतरी जुना माणूस सांगतो, पूर्वीचे बघा, एका क्लबात आयुष्य काढायचे. हे वाक्य ऐकलं की मला त्या 'पूर्वीच्यां'ची गोष्ट सांगावीशी वाटते. तीही मोझांबिकचीच आहे.

१९६६च्या विश्वचषकात पोर्तुगाल तिसरा आला. सगळ्यांना आठवतो तो युसेबियो, लॉरेंसो मार्किसच्या माफलाला वस्तीतला. कप्तान मारियो कोलुनाही मोझांबिकचाच. पण त्याच संघात तिथून आलेले दोन डिफेंडरही होते. लेफ्ट बॅक इलारियो आणि मधल्या फळीच्या मागे उभा राहणारा व्हिसेंत लुकास. लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्कवर १९ जुलैला ब्राझीलला ३-१ हरवलं, त्या दिवशी पेलेवर व्हिसेंतची नेमणूक होती. पेलेला लंगडत बाहेर जायला लावलं ते दुसऱ्याच्या लाथांनी. व्हिसेंतची ख्याती उलट होती. तो पेलेला स्वच्छ टॅकलने अडवायचा. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याचा एक डोळा गेला आणि खेळ संपला. इलारियो मात्र १९५८ ते १९७३ स्पोर्टिंगमध्येच राहिला.

राहिला, कारण जाणार कुठे? तेव्हा पोर्तुगालात करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा. क्लबने सोडलं तरच दुसरीकडे जाता येई. वर हुकूमशहा सालाझारची राजवट. इटलीतून मोठी मागणी आली असताना आपल्याला जाऊ दिलं नाही, ही हकीकत युसेबियोने स्वतः सांगितली आहे. खेळाडूंची संघटना उभी राहिली ती १९७२ मध्ये. अर्तुर जॉर्ज, जो पुढे पोर्तोला युरोप चषक जिंकून देणारा प्रशिक्षक झाला, तो तिच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे आबेल नांपुलात पाळण्यात होता त्याच वर्षी लिस्बनमध्ये फुटबॉलपटू आपल्या सुटकेचा कागद मागू लागले होते.

दोन वर्षांनी सगळंच उलटंपालटं झालं. २५ एप्रिल १९७४ला लिस्बनमध्ये लष्कराने राजवट उलथवली. बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली. आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या युद्धाला लष्करच कंटाळलं होतं, आणि उत्तर मोझांबिकमधल्या लढाईचं लष्करी ठाणं नांपुलातच होतं. २५ जून १९७५ला मोझांबिक स्वतंत्र झालं. अंगोला आणि मोझांबिकमधून पाच लाखांवर माणसं पोर्तुगालात येऊन पडली, आणि तेव्हा त्या देशाची लोकसंख्या जेमतेम नव्वद लाख. त्यांत गोव्याहून आफ्रिकेत नोकरीला गेलेली कुटुंबंही होती. आमच्या शेजारच्या वाड्यावरचं एक कुटुंब असंच लॉरेंसो मार्किसहून लिस्बनला गेलं, आणि पत्र आलं की थंडीची तक्रार आधी असायची, नोकरीची नंतर.

आबेल लहानपणीच पोर्तुगालला आला आणि त्याची व्यावसायिक सुरुवात झाली आमादोराच्या एश्त्रेला क्लबात. लिस्बनला लागून असलेलं आमादोरा हे उपनगर म्हणजे गावाकडून आणि आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी भरलेल्या इमारती, सकाळी राजधानीकडे कामाला जाणाऱ्या लोकलगाड्या आणि मधेच एक छोटं स्टेडियम. या क्लबाने १९९० मध्ये पोर्तुगालचा चषक जिंकला होता. त्याच वर्षी आबेल पहिल्या संघाच्या उंबरठ्यावर आला.

दुसरं दार उघडलं ते कार्लुश कैरोश या प्रशिक्षकाने. मोझांबिकमध्येच, नांपुलात जन्मलेला हा माणूस मोठा खेळाडू कधीच नव्हता. त्याने वीस वर्षांखालच्या मुलांचे संघ बांधले. १९८९ला रियाधमध्ये नायजेरियाला २-० हरवून जागतिक युवा स्पर्धा जिंकली. त्या संघात फेर्नांदू कोतू हा स्टॉपर होता. १९९१ला स्पर्धा पोर्तुगालातच होती. ३० जूनच्या अंतिम सामन्याला लिस्बनच्या लूझ स्टेडियमवर एक लाख सत्तावीस हजार माणसं होती. ब्राझीलविरुद्ध ०-०, मग पेनल्टींवर ४-२. शेवटची पेनल्टी रुई कोस्ताने मारली. त्या संघात फिगो होता, जुआंव पिंतू होता, स्टॉपरला जॉर्ज कोस्ता होता आणि आबेल शावियेरही होता. या पोरांना 'सोनेरी पिढी' हे नाव मिळालं. नाव पुढच्या फळीमुळे मिळालं, हे सांगायला नको.

बेनफिकाने १९९३ मध्ये आबेलला घेतलं आणि पहिल्याच हंगामात, १९९४ला, तो लीगविजेता झाला. इथे थांबला असता तर इलारियोसारखा 'आमचा माणूस' म्हणवला गेला असता. १९९५च्या उन्हाळ्यात तो इटलीत बारीला गेला. त्या वेळी युरोपात परदेशी खेळाडूंची संख्या मोजून-मापून असायची. क्लबला तीन जागा असल्या तर साहजिकच दोन गोल करणाऱ्यांना जायच्या. परदेशी राइट बॅक घेणं ही चैन होती. म्हणून कोतूसारखा स्टॉपर १९९४ला पार्माला गेला तेव्हा त्याचं कौतुक झालं.

आणि मग १५ डिसेंबर १९९५ला युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या बाजूने निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, आणि युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना 'परदेशी' म्हणून मोजायचं नाही. पोर्तुगाल १९८६ पासून त्या संघात होता. म्हणजे आमादोरातून आलेला, नांपुलात जन्मलेला राइट बॅक आता बारीत, ओव्हिएदोत किंवा आइंदहोव्हनमध्ये स्थानिक पोराइतकाच घरचा ठरला. माझ्या मते आबेलची सगळी कारकीर्द या एका निकालाच्या पानावर लिहिता येते. बोस्मान स्वतः त्यातून फारसं काही कमवू शकला नाही. त्याची फळं चाखली ती पुढच्या पिढीने, आणि त्यांत सर्वाधिक हालचाल झाली ती डिफेंडरांची.

कारण असं. गोल करणारा क्लबला हवा असतो तो स्वप्न म्हणून, आणि त्याला पैसे मोजून ठेवून घेतात. डिफेंडर हवा असतो तो गळती लागल्यावर. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर कौलं परतायला माणूस बोलावतात तसं: घर त्याचं नसतं, आणि काम झालं की त्याला कुणी जेवायला थांबवत नाही. आबेलचे क्लब बघा. बारीत त्या हंगामात इगोर प्रोत्तीने २४ गोल करून लीगमध्ये संयुक्त पहिला क्रमांक मिळवला, आणि तरीही बारी खालच्या श्रेणीत गेला. पुढे काय झालं असेल आणि मागे काय, ते या एका आकड्यात कळतं. ओव्हिएदोत दोन वर्षं. दुसऱ्या हंगामाअखेर क्लब लास पाल्मासविरुद्धच्या प्ले-ऑफमधून कसाबसा वर राहिला. मग १९९८ला बॉबी रॉबसनच्या हाताखाली पीएसव्ही आइंदहोव्हन. १९९९ला एव्हर्टन.

एव्हर्टनचं तेव्हाचं मैदान म्हणजे तेच गुडिसन पार्क, जिथे तेहेतीस वर्षांपूर्वी व्हिसेंतने पेलेला अडवलं होतं आणि जिथे चार दिवसांनी उत्तर कोरियाविरुद्ध ०-३ वरून ५-३ असा सामना फिरला होता. मोझांबिकचे ते दोघे डिफेंडर त्या गवतावरून एका विश्वचषकापुरते गेले. हा तिसरा तिथे पगारावर आला. तोवर त्याने केस आणि दाढी पांढऱ्या-पिवळ्या रंगाने रंगवली होती. आमच्या कट्ट्यावर या दाढीची जितकी चर्चा झाली तितकी त्याच्या टॅकलची कधी झाली नाही. मला मात्र ती दाढी फार चतुर वाटायची. राइट बॅकला शेवटच्या बाकावरच्या प्रेक्षकानेही ओळखावं, याची सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती.

मग २८ जून २००० आली. युरो स्पर्धेची उपांत्य फेरी, ब्रुसेल्स, पोर्तुगाल विरुद्ध फ्रान्स. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, बाहेर आर्द्रा नक्षत्राचा पाऊस. ज्या घरात टीव्ही पाहत होतो तिथे निम्मे फ्रान्सच्या बाजूचे होते, झिदानमुळे. बाकीचे पोर्तुगालच्या, आणि त्यांत म्हातारे अधिक. पोर्तुगालने त्या स्पर्धेत इंग्लंडला ०-२ वरून ३-२, रोमेनियाला १-०, जर्मनीला ३-० आणि तुर्कस्तानला २-० असं हरवलं होतं. त्या रात्री नूनू गोमेशने आधी गोल केला, उत्तरार्धात ऑन्रीने फेडला. निर्धारित वेळ संपता संपता फ्री किकवर आबेलनेच डोक्याने चेंडू गोलकडे धाडला आणि फ्रान्सच्या बार्थेझने तो कसाबसा बाहेर लोटला. ही एक गोष्ट लोक विसरतात. दोन वितींचा फरक पडला असता तर पोर्तुगाल अंतिम फेरीत आणि आबेल वीर.

जादा वेळेच्या अखेरीस व्हिल्तोर्दने अरुंद कोनातून मारलेला चेंडू गोलखांबाजवळ उभ्या असलेल्या आबेलच्या हाताला लागला. स्लोव्हाकियाचा सहायक पंच इगोर श्रामका याच्याशी बोलून ऑस्ट्रियन पंच ग्युंटर बेंको याने पेनल्टी दिली. तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता. ११७व्या मिनिटाला झिदानने चेंडू जाळ्यात मारला आणि सामना तिथेच संपला. त्याआधी आणि नंतर पोर्तुगीज खेळाडूंनी पंचांभोवती जो गोंधळ घातला त्याबद्दल युएफाने शिक्षा ठोठावल्या: आबेलला नऊ महिने, नूनू गोमेशला आठ, पाउलू बेंतूला सहा. आबेलची शिक्षा पुढे कमी झाली.

पेनल्टी बरोबर होती असं माझं मत तेव्हाही होतं. हात शरीरापासून दूर होता आणि चेंडू गोलात जात होता. पण मला त्यातला बॅकचा भाग दिसतो. गोलखांब राखायला सांगितलेला माणूस तोल सांभाळायला हात पसरतोच. आम्हाला तसंच शिकवलं होतं. आज गोवा असो की ग्लासगो, डिफेंडर पेटीत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात. व्हिडिओ पंच आले, हँडबॉलचा नियम बदलला, आणि अंगाची सवयच बदलली. 'गोल्डन गोल' हा प्रकार तर २००४ नंतर बंदच झाला. आबेल त्या जुन्या सवयीचा आणि त्या अल्पायुषी नियमाचा एकाच क्षणी बळी ठरला.

त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. २००२च्या जानेवारीत त्याने स्टॅनली पार्क ओलांडून एव्हर्टनचा शेजारी आणि वैरी असलेला लिव्हरपूल गाठला. पहिल्याच सामन्यात इप्सविचविरुद्ध गोल केला, लिव्हरपूल ६-० जिंकला. एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये लेव्हरकुसेनलाही त्याने गोल मारला, पण तो सामना लिव्हरपूल ४-२ हरला. मग गालातासराय, हॅनोव्हर, रोमा, २००५ मध्ये मिडल्सब्रो. वय वाढत होतं, करार आखूड होत होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युएफा चषकातल्या एका सामन्यानंतरच्या चाचणीत त्याच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. शक्तिवर्धक द्रव्यासाठी शिक्षा झालेला प्रीमियर लीगमधला तो पहिला खेळाडू. त्याने आपण निर्दोष असल्याचं म्हटलं. अठरा महिन्यांची बंदी क्रीडा लवादाने बारा महिन्यांवर आणली. हा डाग मी झाकणार नाही, आणि त्याच्यावरच कारकीर्द तोलणारही नाही. विशेष म्हणजे बंदी संपल्यावर मिडल्सब्रोने त्याला परत घेतलं. ज्याला 'कुणाचाच नाही' म्हणतात त्याच्यासाठी एका क्लबाने दार उघडं ठेवलं, ही नोंद त्या चर्चेत कधी येत नाही. २००७ला तो लॉस एंजेलिस गॅलक्सीत बेकहॅमचा सहकारी झाला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक रूड गुलिटशी बिनसलं आणि खेळ थांबला. २००९ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर केलं.

आबेल भारतात खेळायला आला नाही, पण त्याच्या वाटेवरचे काही जण आले. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात नॉर्थईस्टकडे मिगेल गार्सिया हा पोर्तुगीज डिफेंडर होता, ज्याच्या अखेरच्या क्षणीच्या गोलने २००५ला स्पोर्टिंग युएफा चषकाच्या अंतिम फेरीत गेला होता. एल्व्हासचा एनरिक सेरेनो पोर्तो, व्हायादोलिद, कोलोन, कायसेरी, माइन्झ असं फिरून २०१६ला कोलकात्यात आला आणि कोचीच्या अंतिम सामन्यात केरळाविरुद्ध बरोबरीचा गोल त्यानेच केला. कोलकाता पेनल्टींवर जिंकला. २०१८ला चेन्नईयिनचा कप्तान म्हणून त्याने पुन्हा तीच लीग जिंकली. आणि १९९१च्या संघातला आबेलचा सोबती जॉर्ज कोस्ता, २००४ला पोर्तोचा कप्तान म्हणून चॅम्पियन्स लीगचा चषक उचललेला स्टॉपर, २०१८ ते २०२० मुंबई सिटीचा प्रशिक्षक होता. अंधेरीच्या मैदानावर उपांत्य सामन्यात एफसी गोवाने त्याच्या संघाला ५-१ असं झोडपलं, तेव्हा मी गोव्याच्या बाजूने ओरडत होतो; परतीच्या सामन्यात मुंबईने १-० जिंकून थोडी लाज राखली. ऑगस्ट २०२५ मध्ये तो पोर्तो क्लबच्या सेवेत असतानाच वारला.

आबेलचा प्रवास मात्र जिथून निघाला त्या देशात गेला. २०१६ ते २०१९ तो मोझांबिकच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. २०१७च्या जूनमध्ये त्याच्या संघाने झांबियाला त्यांच्याच घरी १-० हरवलं. २०१९च्या मार्चमध्ये गिनी-बिसाऊविरुद्ध बिसाऊत झालेल्या शेवटच्या पात्रता सामन्यात मोझांबिक अखेरपर्यंत पुढे होतं आणि शेवटच्या क्षणी २-२ झालं. नामिबिया आणि मोझांबिक दोघांचे आठ-आठ गुण. आफ्रिका चषकाचं तिकीट नामिबियाला मिळालं. शेवटच्या मिनिटांत मागची फळी उघडी पडणं म्हणजे काय, हे त्या प्रशिक्षकाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

आता कट्ट्यावरच्या त्या आरोपाकडे येतो. इलारियो पंधरा वर्षं एका क्लबात राहिला, आबेल बारा क्लब फिरला. यातून पहिल्याची निष्ठा आणि दुसऱ्याची उथळता सिद्ध होत नाही. पहिल्याच्या करारावर क्लबची सही पुरत होती; दुसऱ्याच्या करारावर त्याची स्वतःची लागत होती. पोर्तुगालकडून वीस सामने, त्यांत दोन गोल, एक युवा विश्वविजेतेपद, एक लीग विजेतेपद आणि एकही मोठा करार नाही, तरी अठरा वर्षं त्याने या धंद्यात पोट भरलं. आमच्या बंदरात जहाज सुटायच्या आधी खलाशाच्या हातात त्याचं कागदपत्रांचं पाकीट आहे की मालकाच्या कपाटात, एवढं पाहून मी सांगू शकत असे की तो परतणार की पळणार. फुटबॉलमध्येही तेच पाहावं. कुणाला भाडोत्री म्हणण्याआधी त्याचा कागद कुणाच्या ताब्यात होता, ते विचारावं.